वडिलांची भीती वाटत असताना त्यांचा मान कसा राखायचा

आमच्या इंदूरच्या घरगुती प्रार्थनासभेत प्रार्थनेचे विषय विचारले की आजारपण, नोकरी, परीक्षा, घराचा हप्ता हे भराभर येतात. सभा संपून चहा झाला की चपला घालता घालता कोणीतरी हळूच सांगतं, "मावशी, पपांशी एक बोलायचंय, धीर होत नाही. प्रार्थनेत ठेवा." सांगणारं दर वेळी कॉलेजातलं पोर नसतं. चाळिशी ओलांडलेले, दोन मुलांचे बाप झालेले, ऑफिसात साहेब म्हणून वावरणारे गृहस्थही असतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. घाबरलेलं मूल वडिलांचा मान राखूच शकत नाही. ते ऐकतं, मान खाली घालतं, पण लपवतं, टाळतं आणि वेळ आली की खोटं बोलतं. म्हणून आधी भीतीचं काम करायचं, मानाचं नंतर. आपल्याकडे उपदेशात क्रम बहुतेक उलटा असतो: "मान राख" आधी, आणि भीतीबद्दल एवढंच की ती अविश्वासाची खूण आहे. पुढे जे लिहिलं आहे ते क्रमाने करायचं आहे. काही गोष्टी एका संध्याकाळी होतात, काहींना वर्ष जातं.

हा धाक आला कुठून

इंदुरात मराठी ख्रिस्ती घरं तशी थोडी. कोणी नगर-जालन्याकडून नर्सिंगच्या नोकरीसाठी आलेलं, कोणी रेल्वेत, कोणी मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इथे १८७७ मध्ये काम सुरू केलं, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघालं, आणि त्याभोवती जो समाज उभा राहिला त्यात आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे मिसळले.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या मागच्या पिढ्यांत ख्रिस्ती झाल्यामुळे बापाशी, भावकीशी झालेली ताटातूट फार जुनी आहे. लेखक बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) १८५४ सालचा, कवी नारायण वामन टिळकांचा १८९५ चा. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. ज्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत अशा कितीतरी घरांतही कोणाला बापाने उंबऱ्याबाहेर काढलं, कोणाला वाटणीतून वगळलं. असा बाहेर पडलेला मुलगा पुढे स्वतः बाप झाला, तेव्हा हे दुसरं घर तरी सुटू नये म्हणून त्याने ते मुठीत घट्ट धरलं. त्यातून समाज लहान. मुलगी कोणाबरोबर दिसली ते रविवारच्या उपासनेआधी सगळ्यांना माहीत. असा बाप ओरडतो तेव्हा त्याच्या ओरडण्यात त्याच्याही आधीच्या कोणाची तरी भीती असते. याने त्याचं वागणं बरोबर ठरत नाही. पण आपण नेमके कशाला घाबरतो आहोत हे समजायला मदत होते.

पायरी पहिली: भीती कागदावर उतरवा

"पपांना कळलं तर माझं काही खरं नाही" हे वाक्य मी खूप ऐकते. वही घ्या आणि ते वाक्य पूर्ण करा. कळलं तर काय होईल? ओरडतील? महिनाभर बोलणार नाहीत? आईवर राग काढतील? पैसे बंद करतील? त्यांचं ब्लडप्रेशर वाढून काही बरंवाईट होईल? हात उचलतील? प्रत्येक उत्तर वेगळ्या ओळीवर. दावीदही स्तोत्रांत हेच करतो. नुसतं "मला भीती वाटते" म्हणून थांबत नाही. कोण मागे लागलंय, काय बोलतंय, कुठे टपून बसलंय, सगळं देवापुढे मांडतो.

मग यादी वाचा. ओरडणं आणि अबोला यांची भीती असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत. त्यांच्या तब्येतीची भीती असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. पुष्कळदा तिथेच निम्मी उतरते. पण हात उचलण्याची, कोंडून ठेवण्याची भीती खरी असेल, असं आधी घडलेलं असेल, तर इथेच थांबा. ११२ हा तातडीचा क्रमांक, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी. मार खात राहणं म्हणजे आईबापाचा मान, असं पवित्र शास्त्रात कुठेही नाही. आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, "घरातलं घरात मिटवा" असा सल्ला दिला, तरी हे क्रमांक लावायला त्यांची परवानगी लागत नाही.

पायरी दुसरी: भीती घेऊनच प्रार्थनेला बसा

"बायबलमध्ये 'भिऊ नका' ३६५ वेळा आहे, वर्षाच्या दर दिवसाला एक" हा संदेश सकाळी सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर येतो. मोजायला बसलात तर आकडा जमत नाही, आणि जमण्याची गरजही नाही. त्याऐवजी एकच जागा नीट वाचा: मार्क १४, गेथशेमाने बाग, येशूला पकडलं त्या रात्रीची प्रार्थना. येशू तिथे अत्यंत व्याकूळ झालेला आहे. तो "अब्बा, बापा" अशी हाक मारतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर असं स्पष्ट मागतो, आणि मग बापाच्या इच्छेला हो म्हणतो. मागणं आधी, हो म्हणणं नंतर. त्यामुळे भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर हा अध्याय त्याच्यापुढे ठेवा.

तोच "अब्बा" रोमकरांस पत्र ८:१५ मध्ये पुन्हा येतो: पुन्हा भीती बाळगावी असा दास्याचा आत्मा तुम्हांला मिळाला नाही, ज्याच्या योगे आपण "अब्बा, बापा" अशी हाक मारतो असा दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. पत्र लिहिणारा पौल इथे दास आणि दत्तक मुलगा असे दोघे समोर ठेवतो. दास चुकला तर हाकलला जाईल म्हणून घाबरतो. दत्तक घेतलेल्या मुलाची जागा चुकीने जात नाही. आता प्रामाणिकपणे बघा, तुम्ही घरात यांतल्या कोणासारखे वागता, आणि देवापुढे कोणासारखे?

ज्यांचे वडील फार कठोर होते त्यांना देवाला "पिता" म्हणणंच जड जातं. जबरदस्ती करू नका. काही दिवस मेंढपाळाकडे जा, स्तोत्र २३ मध्ये: "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस." किंवा स्तोत्र २७:१० वाचा, तिथे आईबापांनी सोडलेल्या माणसाला परमेश्वर जवळ करतो. "पित्या" ही हाक नंतर येईल.

कसं बसायचं, तेही सांगते. सकाळी घर जागं व्हायच्या आधी पंधरा मिनिटं. वचन मोठ्याने वाचा, मनात नको. मोठ्याने वाचताना श्वास सोडणं आपोआप लांबतं, छातीतली धडधड उतरायला त्याची मदत होते. मग पहिल्या पायरीतल्या यादीतली एकच ओळ देवाला सांगा, रोज एक. आणि मराठीत सांगा. आपली उपासना इथे बहुतेक हिंदीत होते, "हे हमारे पिता" तोंडपाठ असतं, पण पपांच्या चपलांचा आवाज आला की पोटात गोळा येतो तो मराठीतच. त्याच भाषेत देवाशी बोललं की पाठ केलेली वाक्यं गळून पडतात.

प्रार्थना करूनही झोप लागत नसेल, छातीत धडधड होऊन जीव घाबरा होत असेल, जेवण तुटलं असेल, आठवडेच्या आठवडे असं चाललं असेल, तर डॉक्टरकडे जा. टेलिमानस या सरकारी सेवेवर १४४१६ ला फोन लावून मानसिक आरोग्याबद्दल फुकट बोलता येतं. गोळी घेणं हा विश्वासाचा पराभव नाही. तापाची गोळी घेताना आपण पाळकसाहेबांना विचारत नाही.

पायरी तिसरी: आज्ञा पूर्ण वाचा

निर्गम २०:१२, "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख." आपल्या प्रॉटेस्टंट मोजणीत दहा आज्ञांतली पाचवी आज्ञा, कॅथलिक बांधवांच्या मोजणीत चौथी. शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, ती लहान मुलांकडून पाठ करून घेतात, त्यामुळे ती मुलांसाठीच आहे असा समज होतो. पण सीनायजवळ ती ऐकायला जमलेल्यांत मोठी, संसारी माणसं होती, आणि त्यांच्याबरोबर थकलेले आईबाप होते.

येशूने मार्क ७ मध्ये या आज्ञेचा अर्थ सरळ पैशावर आणून ठेवला. त्या काळी कोणी म्हणायचं, माझ्याकडून तुम्हाला जे मिळालं असतं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं आहे. आणि आईबापाला देणं थांबायचं. येशूने याला देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बांधकामाची वर्गणी अगदी वेळेवर देणाऱ्या, पण बापाच्या औषधाचं बिल भावाकडे सरकवणाऱ्या आपल्यातल्या काही जणांनी हा अध्याय महिन्यातून एकदा वाचावा.

इफिसकरांस पत्र ६ मध्ये मुलांना आज्ञा झाल्यावर पौल लगेच बापांकडे वळतो: मुलांना चिरडीस आणू नका. आपल्या घरांत पहिली तीन वचनं फ्रेम करून लावलेली असतात. चौथं मी भिंतीवर अजून पाहिलेलं नाही.

मग मान म्हणजे काय? खरं सांगणं, सोय बघणं, बाहेर त्यांची लाज न काढणं. प्रत्येक म्हणणं मान्य करणं यात येत नाही.

पायरी चौथी: प्रत्यक्ष बोलणं

याला नमुना योनाथानाचा घ्या. त्याचा बाप शौल, राजा, संतापी, हातात भाला. योनाथानाचा जिवलग मित्र दावीद, त्याला मारायचं असं बापाने ठरवलं. १ शमुवेल १९ मध्ये योनाथान काय करतो ते बारकाईने बघा. तो बापाला एकटं शेतात गाठतो, दरबारात नाही. दाविदाने काय चांगलं केलं ते घडलेल्या गोष्टींसकट सांगतो. "तुम्ही ते पाहिलं आणि तुम्हाला आनंद झाला होता" अशी बापालाच बापाची आठवण करून देतो. शेवटी प्रश्न विचारतो: मग निष्कारण हे पाप का? शौल तेव्हा ऐकतो. हाच क्रम आपल्याला वापरायचा आहे.

जागा निवडा. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, पाहुणे असताना नको. रविवारी उपासनेहून आल्या आल्याही नको, तेव्हा मंडळीतल्या कोणावर तरी राग धुमसत असतो. सकाळी पोहे आणायला बरोबर निघा, किंवा संध्याकाळी फिरायला. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडत नाही, आणि आपल्याकडच्या बापांना समोरासमोर बसून मन मोकळं करायची सवय नाही.

आईला मध्ये घालू नका. "मम्मी, तू पपांना सांग ना" ही आपल्या घरांतली सगळ्यात जुनी पळवाट आहे. निरोप आईचा होतो, राग आईवर निघतो, आणि वडिलांना कळतं की मुलाला आपल्याशी बोलायचंच नाही. आईला आधी कल्पना द्या, एवढंच.

वाक्यं आदल्या रात्री तयार ठेवा. समजा पुण्यातली नोकरी घ्यायची आहे आणि वडिलांना तुम्ही इंदुरात हवे आहात. "पपा, एक सांगायचंय. तुम्हाला आवडेल असं नाही, पण तुमच्यापासून लपवलं तर मलाच बरं वाटणार नाही. तुम्ही स्वतः गाव सोडून इथे आलात म्हणून आम्ही शिकलो. मला पुण्याला बोलावलंय. माझा विचार जायचा आहे. तुम्हाला यात काय खटकतं ते मला ऐकायचंय." आणि मग गप्प बसा. इथेच बहुतेकांचं बिनसतं. शांतता सहन होत नाही आणि सफाई देणं सुरू होतं. त्यांना बोलू द्या. उत्तर आजच्या आज मागू नका. "तुम्ही विचार करा, रविवारी परत बोलू" म्हणून घरी या.

भाला आलाच तर? तोही योनाथानावर आला, पुढच्याच अध्यायात. तो बापावर उलट धावून गेला नाही. संतापून टेबलावरून उठला आणि त्या दिवशी जेवला नाही. राग आला, तो दिसला, पण तो तिथून बाजूला झाला. आवाज चढला की तुम्हीही उठा: "पपा, आपण नंतर बोलू." दार आपटू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा चहा द्या. योनाथानाने दाविदाची साथ सोडली नाही, आणि गिलबोवा डोंगरावर तो मेला तो बापाच्याच बाजूने लढताना.

पायरी पाचवी: कागद, औषधं, पैसे

बोलणं जमो न जमो, हे काम करता येतं. माझ्या अनुभवात अबोला धरलेला बापही पेन्शनच्या कामाला नाही म्हणत नाही, आणि बँकेच्या रांगेत दोघे एकत्र बसले की काहीतरी बोलणं निघतंच.

वय ७० पूर्ण झालं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आधार कार्डावर काम होतं. केंद्र सरकारची दुसरी आरोग्य योजना आधीच असेल तर दोन्हींतली एक निवडावी लागते, म्हणून आधी कागद बघा.

सरकारी पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात. ८० वर्षांवरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन असेल तर वर्षात कधीही, आणि तो दिल्यापासून वर्षभर चालतो. हल्ली मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण पहिल्यांदा शेजारी बसून करून द्या. "ऑनलाईन करा ना पपा" असं फोनवरून सांगून काम होत नाही.

बँकेत, पोस्टात वारसाचं नाव लावलंय का ते विचारा. हा विषय काढायला सगळे घाबरतात, कारण त्याला मरणाचा वास येतो आणि वर मुलगा पैशावर डोळा ठेवून आहे असं वाटेल ही शंका. सगळ्या भावंडांसमोर एकदाच काढा. औषधांची यादी, मात्रेसकट, एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

दर महिन्याला काही रक्कम त्यांच्या खात्यात जाऊ द्या, त्यांना गरज नसली तरी. मागायला लावू नका. आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहेच. त्याखाली न्यायाधिकरण महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मुलांकडून देववू शकतं. पण गोष्ट तिथवर जाते तेव्हा मानाचं बोलायला फारसं काही उरलेलं नसतं. ज्येष्ठांना स्वतःला मदत हवी असेल तर १४५६७ हा क्रमांक आहे, तो त्यांच्या मोबाईलमध्ये भरून ठेवा.

वडील दारू पीत असतील

उत्पत्ती ९ मध्ये नोहा पिऊन डेऱ्यात उघडा पडला. एका मुलाने बाहेर जाऊन भावांना सांगितलं; बाकीच्या दोघांनी खांद्यांवर वस्त्र घेतलं, पाठमोरे चालत गेले आणि बापाला झाकलं. तो प्यालाच नाही असं मात्र ते म्हणाले नाहीत. नातेवाइकांत चेष्टा नको, मोबाईलवर व्हिडिओ तर मुळीच नको. पण डॉक्टरला खरं सांगायचं, बाटलीसाठी पैसे द्यायचे नाहीत, आणि उधारी आपण फेडायची नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-अनॉनच्या बैठका असतात. तिथे गेल्याने घराण्याची अब्रू जात नाही. ती काय ती गल्लीत आधीच गेलेली असते.

सोडून गेलेल्या बापाबद्दल थोडक्यात: क्षमा करणं आणि त्याला पुन्हा घरात घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं देवापुढे एकट्याने करता येतं. दुसऱ्याला त्याचं वागणं बदललेलं दिसावं लागतं.

आणि वडीलच घाबरलेले असतील तर

हे आपल्या लक्षात उशिरा येतं. सत्तरी-पंच्याहत्तरीचा बाप चिडचिड करतो ती पुष्कळदा भीतीनेच. मुलगा म्हणतो, पुण्याला चला, फ्लॅटमध्ये सगळी सोय आहे. बाप विषय टाळतो.

याकोबही म्हातारपणी असाच घाबरला होता. मेला असं वाटलेला मुलगा योसेफ इतक्या वर्षांनी मिसर देशात जिवंत आहे असं कळलं, बोलावणं आलं, तरी उत्पत्ती ४६ मध्ये देवाला त्याला सांगावं लागलं की मिसर देशात जायला भिऊ नकोस. योसेफाने पुढे जे केलं ते शिकण्यासारखं आहे. तो स्वतः रथ जुंपून मिसरातल्या गोशेन प्रांतापर्यंत सामोरा गेला. बापाला राजवाड्यात कोंबलं नाही. मेंढरं राखणाऱ्या माणसांना गोशेन मिळवून दिलं, जिथे त्यांचा धंदा आणि त्यांची माणसं त्यांच्यापाशी राहिली.

म्हणून इंदूर सोडायला लावताना विचारा: तिथे मराठी किंवा हिंदी उपासना चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? सकाळी पोह्यांच्या टपरीवर गप्पा मारायला कोणी भेटेल का? इथली खोली वर्षभर तरी तशीच ठेवता येईल का? पुण्याची गाडी रात्रभराची आहे, पहिले काही महिने ये-जा होऊ द्या. घर विकण्याची गोष्ट त्या वर्षात काढू नका.

बाप असाल तर

फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो. अमेरिकेत स्पोकेन गावी १९१० मध्ये सोनोरा स्मार्ट डॉड या बाईने, बायको वारल्यावर एकट्याने मुलं वाढवणाऱ्या आपल्या वडिलांसाठी तो सुरू केला. आपल्या मंडळ्यांत त्या दिवशी बापांना गुलाब आणि पेन देतात, फोटो काढतात. ठीक आहे. माझी सूचना अशी की त्या आठवड्यात घरी मुलांना एक प्रश्न विचारावा, "मला सांगायला तुला कशाची भीती वाटते?" आणि उत्तर ऐकून घेताना मध्ये बोलू नये, शास्त्रवचन काढू नये, "आमच्या वेळी" म्हणू नये. पहिल्यांदा मूल "कशाची नाही" असंच म्हणेल. महिन्याभराने पुन्हा विचारा.